मूल आजारी असताना मदत कुठे मिळते, आणि ती कोणत्या क्रमाने मागायची

मुलाला मोठं दुखणं निघालं की घरात दोन हिशेब सुरू होतात. पहिला ऑपरेशनचा किंवा मोठ्या उपचाराचा: लाख, दोन लाख, पाच लाख. दुसरा त्यापुढच्या वर्षांचा: दर महिन्याची औषधं, आठवड्यातून दोनदा थेरपी, येण्याजाण्याचं भाडं, आईनं सोडलेली नोकरी किंवा बुडालेली मजुरी. पहिल्या हिशेबासाठी महाराष्ट्रात बऱ्यापैकी मदत आहे. दुसऱ्यासाठीही आहे, पण ती विखुरलेली आहे. थोडी आरोग्य खात्यात, थोडी दिव्यांग कल्याणात, थोडी शिक्षण खात्यात, थोडी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर. दमलेल्या आईबापांना ती सगळी एका जागी कुणी सांगत नाही, म्हणून इथे एकत्र लिहितो आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं बरंच तिच्यावर अवलंबून आहे. मोठ्या उपचाराच्या बहुतेक योजना पैसे थेट रुग्णालयाला देतात, पालकांच्या हातात देत नाहीत. मंजुरी उपचाराच्या आधी किंवा उपचार चालू असतानाच घ्यावी लागते. ‘आत्ता उसनवारी करून ऑपरेशन उरकू, योजनेचं नंतर बघू’ असं ठरवलं की भरलेलं बिल सहसा परत मिळत नाही. गहाण टाकलेले दागिने कोणतीही योजना सोडवून आणत नाही. म्हणून डॉक्टर ‘ऑपरेशन लागेल’ म्हणाले की ‘खर्च किती?’ याच्याही आधी विचारा: हे कोणत्या योजनेत बसतं, आणि तुमचं रुग्णालय त्या योजनेत आहे का?

अंगणवाडीत येणारी गाडी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला आणि मग देशभर गेला. आपल्या मातीत सुरू झालेला हा कार्यक्रम शहरी पालकांना जवळजवळ माहीतच नसतो. डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळेत येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ते चार गोष्टी शोधतं: जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वळलेलं पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, ऐकू न येणं हे सगळं यात येतं. नुसती तपासणी करून चिठ्ठी देणं एवढंच हे काम नाही. पुढचे उपचार आणि शस्त्रक्रियासुद्धा मोफत करून देण्याची जबाबदारी या कार्यक्रमावर आहे.

पथकानं पाठवलेलं मूल जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जातं. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऐकण्या-बोलण्याचे तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे आणि विशेष शिक्षक एकाच ठिकाणी मिळावेत अशी त्याची रचना आहे. मूल वेळेवर मान धरत नसेल, दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर खासगी थेरपीचे दर विचारत फिरण्याआधी इथे जाऊन या. खासगी शाळेत हे पथक जात नाही, त्यामुळे तिथल्या मुलांच्या पालकांनी स्वतःहून चौकशी करावी. प्रत्येक जिल्ह्यात सगळी पदं भरलेली असतीलच असं नाही. तरीही पहिली तपासणी आणि पहिला कागद इथे फुकट होतो, आणि तो कागद पुढे सगळीकडे चालतो.

मोठ्या उपचाराचे पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती. जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू झाली आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा ५ लाख झाली. ‘आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काय मिळणार’ असं समजून बसलेली घरं अजून भेटतात. त्यांना हे आवर्जून सांगा.

योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळ आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेनं नेमलेल्या मदतनीसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन तिथे जायचं. ते नोंदणी करतात, डॉक्टर उपचाराचा प्रस्ताव पाठवतात, मंजुरी आली की उपचार रोख न भरता होतात. तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण हे सगळं त्या पॅकेजमध्ये धरलेलं असतं. बाळ इतकं लहान असेल की रेशनकार्डावर नावच चढलेलं नाही, तर जन्मदाखला आणि आईवडिलांपैकी एकाबरोबरचा फोटो चालतो. रात्री-अपरात्री मूल अत्यवस्थ झालं तर कागदांसाठी थांबायचं नसतं. आरोग्यमित्र फोनवरून तातडीची मंजुरी घेतो आणि कागद नंतर ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात. कुणी मंजुरीनंतरही वेगळे पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते. पावती न देता मागितलेले पैसे तर मुळीच देऊ नका.

या योजनेला एक मोठी मर्यादा आहे. तिच्यात ठरलेल्या उपचारांची यादी आहे, आणि ती बहुतांशी भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. बाहेरून घ्यायची रोजची औषधं, साधी ओपीडी, महिनोन्महिने चालणारी थेरपी तिच्यात बसत नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

रुग्णालय योजनेत नसेल किंवा उपचार यादीत नसेल, तर ते धर्मादाय आहे का ते पाहा. महाराष्ट्रात कितीतरी मोठी, चकचकीत खासगी रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहेत. त्या कायद्याच्या कलम ४१ एए नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. याच्या खर्चासाठी बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकायचे असतात. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आत. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड. काउंटरवरचा माणूस ‘असं काही नसतं’ म्हणाला तर वाद घालत बसू नका. तिथल्या समाजसेवा विभागात जा आणि लेखी अर्ज द्या. तिथेही दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांचं जिल्ह्यातलं कार्यालय आहे. खाट रिकामी नाही असं उत्तर येऊ शकतं, म्हणून शक्य तेव्हा दोन-तीन रुग्णालयांत एकाच वेळी चौकशी करावी.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा नंबर यानंतर लागतो. आधीच्या दोन वाटांनी काम झालं नाही, किंवा झालं तरी काही रक्कम उरली, तर तिथे अर्ज करायचा. नवजात बाळाचे आजार, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया, हृदयरोग, कर्करोग, बोन मॅरो प्रत्यारोपण, कॉक्लिअर इम्प्लांट हे त्याच्या यादीत आहेत. रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि तपासण्यांचे अहवाल लागतात. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही-शिक्का घ्यावा लागतो, आणि यात दोन-चार दिवस जातात. ते दिवस धरूनच पुढचं ठरवा. इथेही रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि झालेल्या खर्चाची भरपाई होत नाही.

काही आजारांना स्वतःची वाट आहे. दुर्मीळ आजारांसाठी केंद्राचं २०२१ चं धोरण आहे. त्यात निवडक केंद्रांमार्फत एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत होऊ शकते, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात मुलाला बोन मॅरोचा जुळणारा दाता घरात मिळाला तर कोल इंडियाच्या निधीतून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत आधार मिळतो. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त बदली दाता न मागता आणि शुल्क न घेता द्यायचं, असा नियम आहे. ‘आधी रक्तदाता आणा’ म्हणून कुणी अडवलं तर हे शांतपणे सांगा. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात पूर्ण मोफत होतात. तिथे बिल काढायची खिडकीच नाही.

ऑनलाइन वर्गणी मागणं हे मी शेवटी ठेवीन. ती वाईट आहे म्हणून नव्हे. पण तिथे मुलाचा चेहरा, नाव आणि आजार कायमचा सगळ्यांसमोर जातो, आणि उद्या ते मूल मोठं होणार आहे. वर लिहिलेल्या जागी अर्ज करून झाल्यावरच तिकडे वळावं. आणि योजना मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्या एजंटापासून लांब राहा. यातल्या एकाही अर्जाला मध्यस्थ लागत नाही.

यूडीआयडी: एका कागदावर उघडणारी बरीच दारं

आता दुसरा हिशेब, वर्षानुवर्षं चालणारा. त्याची सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्रापासून आणि त्याबरोबर मिळणाऱ्या यूडीआयडी या ओळखपत्रापासून होते. पुष्कळ पालक इथे अडखळतात. ‘आपल्या लेकरावर शिक्का कशाला?’ ही आईची घालमेल खरी असते आणि तिला घाई करू नये. पण हे प्रमाणपत्र मुलाच्या गुणांबद्दल काही म्हणत नाही. त्याला काय देणं लागतं, एवढंच ते सरकारला सांगतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. पूर्वीच्या ७ वरून ही यादी वाढली, आणि त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, अध्ययन अक्षमता यांच्याबरोबर थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आले. सिकलसेलचं मूल चालतं-फिरतं दिसतं, म्हणून विदर्भात आणि नंदुरबारकडे कितीतरी घरांनी हा अर्जच केलेला नसतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात होते, आणि यूडीआयडी कार्ड येतं. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांपासून मिळतं. लहान मुलांचं प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरतं असतं. त्याच्यावरची मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. मुदत संपली की चालू असलेली मदतही अडकते.

जन्मजात हृदयविकार, टाइप १ मधुमेह, कर्करोग ही नावं त्या २१ मध्ये नाहीत. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या आईला रात्रीतून उठून साखर बघावी लागते, महिन्याला पट्ट्या आणि सुया विकत घ्याव्या लागतात, आणि कायद्याच्या लेखी त्या घराला काहीच झालेलं नसतं. ही या व्यवस्थेतली सर्वांत दुखरी पोकळी आहे असं मला वाटतं. रोजच्या खर्चासाठी या मुलांना सरकारी रुग्णालयातून मिळणारी औषधं, धर्मादाय रुग्णालय आणि करसवलतीचा थोडा भाग, बहुतांशी एवढ्यावरच भागवावं लागतं.

थेरपी, प्रवास, राहणं

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे. वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आधीच्या आजाराची आडकाठी नाही, विम्याआधी तपासणी नाही. मुख्य म्हणजे तो ओपीडीला आणि थेरपीला चालतो. फुले योजना जिथे थांबते तिथून तो पुढे नेतो. नोंदणीचं शुल्क काहीशे रुपये आहे. फुले योजनेपेक्षा याची रीत मात्र उलटी आहे: इथे आधी तुम्ही खर्च करता आणि मग बिलं पाठवता. त्यामुळे फिजिओथेरपीच्या प्रत्येक बैठकीची सही-शिक्क्याची पावती हवी. थेरपिस्ट पावती देत नसेल तर सुरुवातीलाच मागून घ्या, सहा महिन्यांनी ती मिळत नाही. प्रत्येक बाबीला वेगळी कमाल रक्कम आहे आणि नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

प्रवासाचा खर्च कुणी धरत नाही, पण चंद्रपूरहून मुंबईला वर्षातून आठ खेपा करणाऱ्या कुटुंबाला तो औषधांइतकाच जड जातो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये भाडं पूर्ण माफ आहे, आणि सोबत जाणाऱ्या एकाला ७५ टक्के सवलत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, हृदयाची शस्त्रक्रिया आणि डायलिसिससाठी जाणाऱ्यांनाही स्लीपरला ७५ टक्के सवलत आहे, सिकलसेलला ५० टक्के. रुग्णालय ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देतं. डिस्चार्जच्या दिवशीच पुढच्या तारखेसाठी ते मागून घ्यायचं. एसटीतही सवलत आहे: सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीचा प्रवास मोफत, दिव्यांगांना आणि कर्करोगाच्या रुग्णांना ७५ टक्के सूट.

मुंबईत राहायचं कुठे हा प्रश्न तर ऑपरेशनइतकाच मोठा. टाटा रुग्णालयासमोरच्या पदपथावर मुलाला मांडीवर घेऊन झोपलेली कुटुंबं मुंबईनं वर्षानुवर्षं पाहिली आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना अगदी कमी पैशांत जागा देत आली आहे. कर्करोगाच्या मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं २००६ पासून चालू आहेत. तिथे मूल आणि आईवडील उपचार संपेपर्यंत मोफत राहू शकतात, प्रत्येक कुटुंबाला आपापली स्वयंपाकाची सोय असते. तिथे थेट जाऊन जागा मिळत नाही, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. म्हणून कोणत्याही मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांना भेटून झालं की समाजसेवा अधीक्षकांची खोली शोधा. राहणं, औषधांसाठी ट्रस्टची पत्रं, रक्त, प्रवासाचे फॉर्म, बरंच काही त्या एका टेबलावरून हलतं.

कमी माहीत असलेला आणखी एक पैसा गावातच असतो. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, महापालिका, प्रत्येकानं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. कुठे चाकाची खुर्ची मिळते, कुठे वर्षाला ठरावीक रक्कम. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागणीच आली नाही म्हणून तो निधी पडून राहतो असं ऐकायला मिळतं. ते उत्तर आपल्या गावात कुणाला देता येऊ नये.

शाळा

कायद्यानं ४० टक्क्यांवरच्या दिव्यांग मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा हवी असेल तर विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सर्वसाधारण मुलांचा हा हक्क १४ वर्षांना थांबतो, यांचा थांबत नाही. समग्र शिक्षा अभियानात फिरते विशेष शिक्षक, उपकरणं, मदतनीस आणि प्रवासभत्ता आहे, आणि मूल अंथरुणाला खिळलेलं असेल तर घरी येऊन शिकवण्याचीही सोय आहे. चौकशी शिक्षण खात्याच्या गटसाधन केंद्रात करायची. दहावी-बारावीला राज्य मंडळ दिव्यांग मुलांना तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक देतं. अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबरच जायला हवा. हॉलतिकीट आल्यावर आठवण झाली तर मुख्याध्यापकांनाही फारसं काही करता येत नाही. मधुमेह, दमा किंवा आकडी येणाऱ्या मुलाच्या वर्गशिक्षकांना एका पानावर लिहून द्या: लक्षणं कोणती, लगेच काय करायचं, फोन कुणाला. त्या पानाची एक प्रत शाळेच्या कार्यालयात ठेवून पोच घ्या.

पगारदार आईवडिलांसाठी

जुनी करपद्धत निवडली असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी कलम ८० डीडीखाली ७५ हजारांची, आणि ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर १ लाख २५ हजारांची सरसकट वजावट मिळते. खर्च प्रत्यक्षात किती झाला याच्याशी तिचा संबंध नाही. कर्करोग, थॅलेसेमिया, हिमोफिलिया अशा ठरावीक आजारांच्या उपचारावर ८० डीडीबीखाली ४० हजारांपर्यंत वेगळी वजावट आहे. नव्या करपद्धतीत या दोन्ही नाहीत, म्हणून पद्धत निवडण्याआधी दोन्हीकडचा कर काढून बघा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्यानं कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा सल्लागाराशी क्रमांकाऐवजी सवलतीच्या नावानं बोला. केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते आणि दिव्यांग मुलाच्या बाबतीत तिला मुलाच्या वयाची अट नाही. अशा पालकांना नेहमीच्या बदल्यांतून सूटही मागता येते. सरकारी नोकरांच्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला पुढे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, त्यासाठी सेवेत असतानाच नाव नोंदवून घ्या.

खासगी नोकरीतल्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या आईसाठी मात्र अशी रजा नाही. २०१६ च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे, आणि केरळ ‘आश्वासकिरणम’ नावाच्या योजनेतून घरी सांभाळ करणाऱ्याला दरमहा थोडी रक्कम देतं. आईची बुडालेली मजुरी हाच आजारी मुलाच्या घरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत न मोजलेला खर्च आहे. आमदारांना किंवा जिल्हा परिषद सदस्यांना पत्र लिहायची वेळ आलीच तर मी याच भत्त्याच्या मागणीसाठी लिहीन.

आणि एक तारीख फार आधीपासून लक्षात ठेवायची आहे: मुलाचा अठरावा वाढदिवस. कायद्याच्या दृष्टीनं त्या दिवशी ते सज्ञान होतं आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचं बँक खातं चालवायचं, ऑपरेशनला संमती द्यायची, जागेच्या कागदावर सही करायची तर कायदेशीर पालकत्व लागतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती हे पालकत्व देते. वकील लागत नाही, कोर्टात जावं लागत नाही. अर्जात आपल्यानंतर कोण, याचाही विचार करून ठेवावा. भाऊ-बहीण किंवा मावशी-काका यांच्याशी ते बोलणं मूल सतरा वर्षांचं असतानाच सुरू करा, आणि अर्जाचे कागद यूडीआयडी कार्डाच्याच फाइलला लावून ठेवा.